यंत्राचें शहाणपण कोणाचें?

यंत्र आणि मनुष्य यांच्या संबंधाचा प्रश्न निघाला कीं आपल्याकडे जो वाद माजतो, त्यांतील दोन्ही बाजूंचीं वाक्यें आतां सर्वांस पाठ झालीं आहेत. एक पक्ष म्हणतो, यंत्र आलें कीं हात रिकामे होतात आणि रिकाम्या हातांबरोबर पोटही रिकामें राहतें. दुसरा म्हणतो, यंत्रानें एक काम गेलें तर दुसरीं दहा निघतात. बैलगाडीचा कैवार घेऊन मोटारीस अडविणारांची सरशी आजवर झालेली नाहीं. हा वाद ज्या भूमीवर उभा आहे ती अमाप हातांची भूमि होय. काम थोडें आणि हात पुष्कळ, ही स्थिति गृहीत धरूनच दोन्ही पक्ष बोलत असतात. परंतु जेथें हातच थोडे, किंबहुना जेथें परक्या देशांतून हात उसने आणून काम भागवावें लागतें, तेथें हा वाद लागू पडतो काय? तेथें यंत्राविरुद्ध सांगण्यासारखें कांहीं उरतें काय? आमच्या मतें उरतें. आणि जें उरतें तेंच या प्रश्नाचें मर्म असल्यामुळें त्याचा विचार अशाच एका देशाच्या उदाहरणानें करावा असें आम्हीं योजिलें आहे.

तो देश म्हणजे सिंगापूर. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे एकत्र केले असतां जें क्षेत्र होईल त्याहून थोडेंसेंच मोठें असें हें बेट. सुमारें ७३५ चौरस किलोमीटर. लोकसंख्या २०२४ सालीं साठ लाखांवर गेली, पण तींत नागरिक छत्तीस लाखांच्या आसपासच. बाकीचे कायमचे रहिवासी आणि परदेशीय. दर स्त्रीमागें जन्मणाऱ्या मुलांचें प्रमाण २०२३ सालीं एकाच्याही खालीं उतरलें. खाणी नाहींत, नांव घेण्यासारखी शेती नाहीं, आणि पाणीसुद्धां बऱ्याच अंशीं शेजारच्या मलेशियांतून नळानें आणावें लागतें. असें असूनही राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारें पांचवा हिस्सा या देशाला कारखान्यांतून मिळतो. येथील सरकारनें कारखानदारांस नव्या तऱ्हेचे 'स्मार्ट' कारखाने उभारण्यास साहाय्य करावें यांत नवल नाहीं.

'स्मार्ट कारखाना' हा शब्द आपल्याकडील वर्तमानपत्रांतही आतां वारंवार येतो, पण त्यानें डोळ्यांपुढें चित्र क्वचितच उभें राहतें. धातूचे बारीक सुटे भाग करणारा एखादा लहान कारखाना घ्या. सिंगापुरांत जमीन दुर्मिळ, म्हणून असे कारखाने बहुमजली इमारतींच्या गाळ्यांतून एकावर एक चालतात. गाळ्यांत पांचपंचवीस लेथ व मिलिंग यंत्रें. जुन्या पद्धतींत यंत्रापाशीं उभा असलेला कारागीर हाच त्याचे डोळे आणि कान असे. नव्या पद्धतींत यंत्राला सेन्सर बसवितात. स्पिंडलचा कंप, टूलची उष्णता, मोटरीला लागणारी वीज यांची नोंद क्षणाक्षणाला संगणकाकडे जाते. संगणक तशा हजारों नोंदी ताडून पाहतो आणि सांगतो कीं अमुक यंत्राचें टूल बोथट होत चाललें आहे, थोड्याच वेळांत माल बिघडूं लागेल. कोणत्या गिऱ्हाइकाचें काम आधीं घ्यावें, कच्चा माल केव्हां मागवावा, हेंही तोच सुचवितो. माल उचलण्या-ठेवण्यास यंत्रमानवाचा हात असतो.

हें सर्व लहान कारखानदारास स्वतःच्या बळावर साधण्यासारखें नसतें. पैशाची अडचण तर खरीच, पण त्याहून मोठी अडचण ही कीं आरंभ कोठून करावा हेंच त्याला कळत नाहीं, आणि यंत्रें विकणारांच्या सांगण्यावर विश्वास ठेवण्याइतका तो भोळा नसतो. येथें सरकार पुढें होतें. तेथील आर्थिक विकास मंडळानें नोव्हेंबर २०१७ मध्यें ट्यूफ झ्यूड या जर्मन तपासणी-संस्थेबरोबर तयार केलेली एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्या योगानें कारखानदारास आपण सोळा बाबतींत कोणत्या पायरीवर उभे आहों हें शून्यापासून पांचपर्यंत मोजून पाहतां येतें. सरकारी संशोधन-संस्थांनीं नमुन्याचे कारखाने उभारले आहेत. तेथें जाऊन नवी पद्धत विकत घेण्यापूर्वीं हाताळून पाहावी. शास्त्रज्ञ लहान कारखान्यांत कांहीं काळ उसने पाठविण्याची योजना तर २००३ पासूनची आहे. शिवाय लहान व मध्यम धंद्यांस ठराविक कामांसाठीं खर्चाच्या निम्म्यापर्यंत अनुदान मिळूं शकतें. मदत म्हणजे धनादेश, एवढेंच ज्यांस ठाऊक आहे अशा सरकारांनीं हा उसन्या शास्त्रज्ञाचा प्रकार अवश्य पाहावा. या सर्व योजनेंत विचार आहे, आणि तिचें आम्हांस मनापासून कौतुक वाटतें.

यंत्रानें भाकर हिरावली, हा आक्षेप येथें फारसा टिकत नाहीं हें आरंभींच कबूल केलें पाहिजे. आंतरराष्ट्रीय यंत्रमानव-संघटनेच्या गणनेप्रमाणें २०२३ सालीं कारखान्यांतील दर दहा हजार कामगारांमागें सिंगापुरांत ७७० यंत्रमानव होते. त्याच्या पुढें एक दक्षिण कोरिया मात्र होता. हा आंकडा इतका फुगतो याचें एक कारण असें कीं भागाकारांतील खालची संख्या, म्हणजे कामगार, मुळांतच थोडे! दुसरें उदाहरण पाहा. बुकिट तिमा येथें फोर्ड कंपनीचा मोटारी जुळविण्याचा कारखाना १९४१ च्या ऑक्टोबरांत निघाला, आणि पुढें चारच महिन्यांनीं त्याच इमारतींत इंग्रज सेनापतीनें जपान्यांपुढें शस्त्रें ठेविलीं. तो कारखाना १९८० सालीं बंद झाला, आणि मोटारी जुळविण्याचा धंदा त्या बेटावरून उठला तो उठलाच. नोव्हेंबर २०२३ मध्यें ह्युंदाई कंपनीनें जुरोंग येथें नवा कारखाना उघडला. त्यांत सरकता पट्टा नाहीं. वेगवेगळ्या कोठ्यांतून माणसें आणि यंत्रमानव मिळून विजेवर चालणाऱ्या मोटारी जुळवितात. आतां या यंत्रमानवांनीं कोणाची भाकर घेतली? त्रेचाळीस वर्षें जें काम तेथें कोणीच करीत नव्हतें तें त्यांनीं परत आणलें एवढेंच. तेव्हां यंत्र हें भुकेचें कारण, ही आपली सिद्ध फिर्याद येथें काढून टाकावी लागते.

ती काढून टाकल्यावर जो प्रश्न मागें राहतो तो असा: सरकारच्या मदतीनें कारखान्यांत जें शहाणपण येतें तें अखेर राहतें कोणापाशीं?

या प्रश्नाचें महत्त्व समजण्यास पन्नासपंचावन्न वर्षें मागें गेलें पाहिजे. १९६५ सालीं मलेशियापासून वेगळें पडलेल्या या बेटावर तेव्हां हातांची नव्हे, तर कामाची टंचाई होती. इंग्रजांनीं आपला लष्करी तळ हलविण्याचें १९६८ मध्यें जाहीर केलें, आणि त्या तळावर राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारें पंचमांश अवलंबून होता. कारखाने आणावयाचे तर कुशल कारागीर पाहिजेत, आणि ते तर नव्हते. अशा वेळीं आर्थिक विकास मंडळानें परदेशी कंपन्यांबरोबर भागीनें शिक्षण-कार्यशाळा काढल्या. त्यांतील पहिली १९७२ सालीं निघाली ती आमच्या मुंबईच्या टाटांच्या सहकार्यानें, ही गोष्ट आपल्यापैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल. तिच्यामागून १९७३ त कॅमेरे करणाऱ्या रोलाय या जर्मन कंपनीबरोबर, आणि १९७५ त फिलिप्सबरोबर अशाच कार्यशाळा निघाल्या. या शाळांतून मुलें साचे व हत्यारें करण्याचें बारीक काम शिकलीं. पुढें १९८१ सालीं रोलायचा धंदा बुडाला आणि सिंगापुरांतील कारखान्याला कुलूप लागलें. यंत्रें विकलीं गेलीं असतील, इमारत दुसऱ्यानें घेतली असेल. पण हजारांतल्या एका भागाइतका फरक बोटांनीं ओळखण्याची जी विद्या होती ती कुलुपाच्या आंत राहिली नाहीं. ती कारागिरांबरोबर दरवाजाबाहेर पडली, आणि पुढें तेथें जे बारीक यंत्रकामाचे धंदे वाढले त्यांच्या उपयोगीं पडली. सरकारचा पैसा कारखानदाराच्या सोयीसाठीं खर्च झाला होता खरा, परंतु त्याचें फळ मनुष्याच्या हातांत सांठलें होतें. आणि हात हा मनुष्याचा स्वतःचा असतो.

२०१७ नंतरच्या मदतीचें फळ कोठें सांठतें? लेथवर वीस वर्षें काढलेला कारागीर यंत्राचा आवाज ऐकून सांगतो कीं टूल उतरलें. कापून निघणाऱ्या चुऱ्याचा रंग निळसर झाला कीं त्याला कळतें, गति फार झाली. कुलंटच्या वासांत फरक पडला तरी त्याची मान वळते. हें ज्ञान त्यानें कोठें लिहून ठेविलेलें नसतें, आणि विचारलें तरी त्याला तें नीट सांगतां येत नाहीं. संगणकाला तें शिकवावयाचें म्हणजे सेन्सरच्या नोंदी त्याच्यापुढें ठेवून त्यानें म्हणावयाचें: हा आवाज चांगला, हा वाईट, येथें मी थांबलों असतों, येथें नसतों. त्याच्या अशा हजारों निवाड्यांतून संगणकाचें शहाणपण तयार होतें. कित्येकदां त्याला कोणी विचारीतही नाहीं. तो यंत्र केव्हां थांबवितो याची नुसती नोंद घेतली तरी काम भागतें. एकलव्याच्या गोष्टींत गुरूनें शिष्याचा अंगठा मागितला. येथें शिष्यच गुरूचा अंगठा घेऊन जातो, आणि तो गेल्याचें गुरूला बरेच दिवस समजतही नाहीं. एकदां तें शहाणपण संगणकांत उतरलें कीं तें मालकाचें झालें, किंवा ज्यानें ती योजना विकली त्या कंपनीचें झालें. कारखाना बंद पडला तर तें त्या दरवाजांतून कोणाही कारागिराबरोबर बाहेर पडत नाहीं.

यावर मालकाच्या बाजूनें जें सांगतां येईल तें हलकें नव्हे. तो म्हणेल, या कारागिराची विद्या तरी त्याची एकट्याची कोठें होती? माझ्याच यंत्रावर तो शिकला, शिकतांना माझाच माल त्यानें बिघडविला, आणि त्याच्या आधींच्या वस्तादानें त्याला हात धरून शिकविलें त्या वस्तादाचा पगारही मींच दिला. शिवाय पंचावन्न वर्षांच्या माणसानें रात्रपाळीला कर्कश आवाजांत कान टवकारून उभें राहावें, यांत कसला पुरुषार्थ आहे? संगणकानें तें काम घेतलें तर त्याच्या कानांना विश्रांति मिळेल. हें सर्व खरें आहे, आणि विश्रांतीचा मुद्दा तर आम्ही फार मोठा मानतों. श्रमाला पावित्र्य आहे असें लेखणीनें लिहिणें सोपें. लेथपाशीं उभा राहणारा तसें क्वचितच म्हणतो. परंतु यांतून एवढेंच सिद्ध होतें कीं विद्येंत मालकाचाही वांटा आहे. कारागिराचा नाहीं, असें कांहीं यांतून निघत नाहीं. आणि तिसरा वांटेकरी तर उघडच आहे. निम्मा खर्च जर लोकांच्या तिजोरींतून झाला, तर त्या निम्म्याच्या बदल्यांत कांहीं अटी घालण्याचा अधिकार लोकांस पोंचतो. १९२४ सालीं गांधीजींस यंत्रांविषयीं प्रश्न केला असतां त्यांनीं शिवणयंत्राचा अपवाद केला होता, हें पुष्कळांस आठवतें. पण तीं यंत्रें करणारे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे किंवा सरकारच्या ताब्यांतले असावे, ही जी अट त्यांनीं त्याबरोबरच घातली, ती सोयीस्करपणें विसरली जाते. सिंगापूरनें कारखाने ताब्यांत घ्यावे असें आम्ही म्हणत नाहीं. तसें केलें असतें तर तेथें कारखानेच आले नसते. पण निम्मा पैसा देणारानें निम्मी तरी अट घालावी.

आतां वर सांगितलेली मोजपट्टी पाहा. तिच्या सोळा बाबींपैकीं नऊ यंत्रविद्येच्या: स्वयंचलन किती, यंत्रांचा एकमेकांशीं संपर्क किती, यंत्रांची बुद्धि किती, आणि हीं तिन्ही कारखान्यांत, कचेरींत व इमारतींत किती. तीन बाबी कामाच्या जुळणीच्या. उरलेल्या चार संघटनेच्या. त्यांत पुढाऱ्यांची योग्यता आहे, सहकार्य आहे, धोरण आहे, आणि कामगारांचें शिक्षण ही एक बाब आहे. सोळांत एक! मोजपट्टी करणारांनीं कामगाराला विसरलें नाहीं, याचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. पण ती एक बाबसुद्धां कारखान्याला कसा कामगार मिळेल हें मोजते, कामगाराला कारखान्यांतून काय मिळालें हें मोजीत नाहीं.

येथें सिंगापूरचें सरकार उत्तर देईल कीं कामगाराची सोय आम्हीं निराळ्या खात्यांत केली आहे, आणि तें उत्तर पोकळ नाहीं. पंचवीस वर्षांवरील प्रत्येक नागरिकास नवें शिकण्यासाठीं ५०० डॉलर देण्याची योजना २०१५ सालीं जाहीर झाली. २०२४ च्या मे महिन्यांत चाळिशी गांठलेल्या नागरिकांस आणखी ४,००० डॉलर मिळाले. एप्रिल २०२५ पासून, ज्याची नोकरी त्याच्या इच्छेविरुद्ध गेली अशा कमी व मध्यम मिळकतीच्या नागरिकास सहा महिन्यांपर्यंत एकूण ६,००० डॉलरपावेतों आधार मिळण्याची तजवीजही झाली. बेकारांस रोख मदत देणें म्हणजे आळसाला उत्तेजन, असें जें सरकार वर्षानुवर्षें मानीत आलें त्यानें हें पाऊल टाकिलें ही लहान गोष्ट नव्हे. ज्या कारागिराचा अंगठा गेला त्याला दुसरें कांहीं तरी देण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न आहे.

मात्र वरील वाक्यांत 'नागरिक' हा शब्द तीन वेळां आला आहे, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. कारखान्यांत उभे असलेले सगळे हात नागरिकांचे नसतात. कोणी मलेशियाचे, कोणी चीनचे. जहाजांच्या गोद्यांत तर तमिळनाडूंतले आणि बांगलादेशांतले पुष्कळ. हे लोक कामाच्या परवान्यावर येतात. परवाना एका मालकाशीं बांधलेला असतो. कुटुंब बरोबर आणतां येत नाहीं. काम संपलें कीं बेट सोडावयाचें. हा पाहुणाही दहा दहा वर्षें त्याच यंत्रापाशीं उभा राहतो, त्याचाही कान तयार होतो, आणि संगणकाला शिकवितांना त्याच्या परवान्याचा रंग कोणी पाहत नाहीं. शहाणपण घेतांना भेद नाहीं, मोबदला देतांना आहे. शिवाय या साऱ्या खटाटोपाचा एक उघड हेतु असा आहे कीं परक्या हातांची गरज कमी व्हावी. म्हणजे हा पाहुणा ज्या संगणकाला शिकवीत असतो तो त्यालाच घरीं पाठविण्याचें साधन होतो. करार करून आला, मजुरी घेतली, आतां जातो, यांत अन्याय कसला, असें कोणी म्हणेल. करार मोडला असें आमचेंही म्हणणें नाहीं. पण करार झाला तो हातांच्या मजुरीचा. कानांत सांठलेली विद्या यंत्रांत उतरवून घेण्याचें त्यांत कांहींच ठरलेलें नव्हतें.

या ठिकाणीं एक जुनी गोष्ट आठवते. १९७९ सालीं सिंगापूरच्या राष्ट्रीय वेतन परिषदेनें मोठ्या पगारवाढीची शिफारस केली, आणि तीन वर्षें तेंच धोरण चाललें. उद्देश उघड होता: हात महाग करावे म्हणजे मालक झक मारून यंत्राकडे वळेल. १९८५ त मंदी आली तेव्हां तिच्या कारणांत या वेतनवाढीचीही गणना झाली, आणि पुढल्या वर्षीं भविष्यनिर्वाह निधींतील मालकांचा हिस्सा शेंकडा २५ वरून १० वर आणावा लागला. तेव्हां तें धोरण निर्दोष होतें असें नव्हे. पण त्यांतील क्रम पाहण्यासारखा आहे. आधीं कामगाराच्या खिशांत पैसा, मग कारखान्यांत यंत्र. आतां तोच दाब मालकावर आणण्यासाठीं दुसरें साधन वापरतात. परवान्यावरील प्रत्येक परकीय कामगारामागें मालकाला दरमहा कांहीं शेंकडे डॉलर सरकारांत भरावे लागतात. मालकाच्या दृष्टीनें दोन्ही सारखेंच. हात महाग झाले. परंतु पहिल्या वेळीं ती महागाई ज्याचा हात त्याला मिळाली, आणि आतां ती तिजोरींत जाते. त्याच तिजोरींतून यंत्राचें अनुदान निघतें.

या पट्टीचा कांहीं अंश त्या त्या कामगाराच्या नांवें बाजूस ठेवून परत जातांना त्याच्या हातीं द्यावा, असें सुचविलें तर हिशेबाची अडचण पुढें करण्यांत येईल. ती अडचण मुळींच नाहीं. पट्टी आजही माणशीं आकारली जाते, ती कोणत्या कामगारासाठीं, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत भरली याची नोंद सरकारच्या संगणकांत नांवनिशीवार आहे. आणि तो बेट सोडतो त्या दिवशीं त्याचा परवाना रद्द करणारी कचेरीही तीच आहे.